पावसाळ्यात सायकल चालवताना पाय कोरडे कसे ठेवायचे?

जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सायकली चार महिन्यांसाठी जिन्याखाली जातात. अंग भिजतं म्हणून नव्हे, अंगावर रेनकोट असतो. खरी अडचण पायांची असते. ऑफिसात पोहोचल्यावर बुटातून पाणी निथळतं, मोजे चिकटलेले असतात आणि दिवसभर त्यातच बसायचं असतं. आठवडाभर असं झालं की माणूस सायकलीऐवजी रिक्षा शोधायला लागतो. हे थांबवता येतं, आणि त्यासाठी फार पैसेही लागत नाहीत.

यावर बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो चांगले वॉटरप्रूफ बूट घेण्याचा. मी बूट यादीत शेवटी ठेवेन. आधी मडगार्ड, मग घोटा आणि मग बूट, या क्रमाने गेलात तर कमी खर्चात जास्त फरक पडतो. उलट्या क्रमाने गेलात तर महागडे बूट आतून भरतात आणि दोन दिवस वाळत नाहीत.

पाणी येतं कुठून?

पावसाचं पाणी वरून पडतं, पण पाय मुख्यतः त्याने भिजत नाहीत. सायकल चालवताना पायांपर्यंत पाणी चार वाटांनी येतं. पहिली वाट पुढच्या चाकाची. रस्त्यावरचं पाणी टायर उचलतं आणि सरळ बुटांवर फेकतं. दुसरी वाट वरून खाली: रेनकोटवरचं पाणी मांडीवर, तिथून नडगीवर आणि ओघळत बुटाच्या तोंडातून आत. तिसरी वाट तळव्याची, म्हणजे डबक्यात टेकवलेला पाय किंवा क्लिटवाल्या (पायडलमध्ये अडकणारी खाच तळाला बसवलेल्या) बुटांच्या तळाची भोकं. चौथी वाट आतली, ती घामाची. जुलैत पुण्याचा पारा साधारण २२ ते २८ अंशांत असतो, मुंबईत त्याहूनही जास्त, आणि हवा ओलीकिच्च. अशा हवेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पाय पावसाशिवायही भिजतो.

पहिल्या दोन वाटा बंद केल्या की रोजच्या प्रवासातला बहुतेक प्रश्न सुटतो.

आधी वेळ ठरवा

घर ते ऑफिस अर्धा-पाऊण तासाचं अंतर असेल तर पाय कोरडे ठेवणं शक्य आहे, आणि तसा हट्ट धरावा. दोन तासांच्या पुढची राईड असेल, म्हणजे मुळशीची चक्कर, लोणावळा किंवा ताम्हिणी, तर हा हट्ट सोडा. तिथे पाय भिजणारच. तेव्हा पाय भिजून खराब होऊ नये आणि पोहोचल्यावर लगेच कोरडा व्हावा, एवढंच पाहायचं. दोन्हींचं सामान वेगळं लागतं. ऑफिसला जाण्यासाठी घेतलेले बंदिस्त बूट घालून लोक ताम्हिणीत जातात आणि मग तासन् तास बुटातलं पाणी घेऊन पायडल मारतात.

श्वास घेणारे वॉटरप्रूफ बूट, म्हणजे आत पातळ पडदा असलेले, थंड देशांत छान चालतात. पायाची वाफ बाहेर जायची तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच उबदार आणि दमट हवी. आपल्याकडे बाहेरची हवाच इतकी कोंदट असते की वाफेला जायला जागा उरत नाही. शिवाय वरून एकदा पाणी शिरलं की तोच पडदा ते आत धरून ठेवतो. म्हणून पावसाळ्यात या बुटांवर पाच-दहा हजार घालवावेत असं मला वाटत नाही.

मडगार्ड: सगळ्यात मोठा फरक इथे पडतो

जुन्या काळ्या सायकलींना लांब लोखंडी मडगार्ड असायचे आणि पुढच्याला खाली रबराची पट्टी असायची. दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या सायकलींवर ती अजून दिसते. आजच्या हायब्रिड आणि एमटीबी (माउंटन बाईक) मात्र बहुतेक मडगार्डशिवाय विकल्या जातात, आणि नंतर लावतात ते फ्रेमला चिमटीत पकडणारे आखूड तुकडे. ते कपडे थोडेफार वाचवतात, पायांना त्यांचा उपयोग नाही.

कारण समजून घेतलं की मडगार्ड निवडणं सोपं जातं. टायरला चिकटलेलं पाणी, टायरचा तो भाग ज्या दिशेला चालला आहे त्या दिशेने सुटतं. पुढच्या चाकाचा मागचा भाग रस्त्यावरून वर उचलला जातो तेव्हा अगदी खालचं पाणी मागे आणि किंचित वर उडतं, म्हणजे नेमकं पायडलांवर. थोडं वरून सुटलेलं पाणी फ्रेमच्या खालच्या नळीवर आपटतं आणि त्याहून वरचं तोंडाकडे येतं. म्हणजे बुटांवर येणारं पाणी चाकाच्या सर्वांत खालच्या, मागच्या कोपऱ्यातून निघतं. पुढचा मडगार्ड तिथपर्यंत पोहोचत नसेल तर तो कितीही महाग असो, बूट भिजणारच. तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात असाल तर हे पाणी साधारण त्याच वेगाने बुटांवर आदळतं. म्हणूनच हळू चालवलं की पाय कमी भिजतात.

घेताना तीन गोष्टी पाहा. मडगार्ड टायरपेक्षा साधारण एक सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या टायरला ४५ चा. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर फट ठेवा. कोकणातल्या किंवा मावळातल्या लाल चिखलात फट कमी असेल तर चाक जाम होतं. आणि तो काड्यांनी चिमट्याच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या, खालच्या टोकाशी बांधलेला असावा. फ्रेमवर नट बसवायची भोकं नसतील तर सायकलवाल्याकडे पट्टीचे क्लिप मिळतात, तेही चालतात. मडगार्ड बसवल्यावर हँडल पूर्ण वळवून बघा. लहान फ्रेमच्या सायकलीवर बुटाचा चवडा मडगार्डला लागतो, आणि हे गर्दीतल्या वळणावर कळण्यापेक्षा घराच्या दारात कळलेलं बरं.

आता खरं काम, खालची पट्टी. विकतचे पूर्ण लांबीचे मडगार्डसुद्धा बहुधा जमिनीपासून वीतभर उंचीवर संपतात. तिथून खाली रबराची पट्टी जोडायची. ही घरी अर्ध्या तासात होते:

१. जुन्या स्कूटरच्या पायाखालची रबरी मॅट किंवा तेलाचा पाच लिटरचा कॅन घ्या. पाण्याची बाटली नको, ती ऊन-पावसात तडकते.

२. वरची बाजू मडगार्डच्या रुंदीची आणि खालची ११-१२ सेंटिमीटरची, असा खाली पसरणारा तुकडा कापा. पाय चाकाच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून खाली रुंदी हवी.

३. सायकलवर कुणाला तरी बसवून, टायरमध्ये नेहमीची हवा असताना, लांबी ठरवा. पट्टीचं खालचं टोक जमिनीपासून ७-८ सेंटिमीटरवर यावं. त्याहून खाली नेलं तर प्रत्येक स्पीडब्रेकरला घासतं आणि फूटपाथवर चढवताना मडगार्डच उखडतं.

४. मडगार्डच्या टोकाशी आणि पट्टीला दोन-दोन भोकं पाडा. ५ मिलिमीटरचे आखूड बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वायसर. बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला आणि नट बाहेर ठेवा, म्हणजे बोल्टचं टोक टायरला घासणार नाही. आठच्या पान्याने आवळा.

५. रस्त्यावर बादलीभर पाणी ओता आणि त्यातून सायकल दोनदा काढा. मग खाली बसून पायडलचे दांडे आणि फ्रेमची खालची नळी पाहा. दांडे कोरडे किंवा नुसते शिंतोडे उडालेले असतील तर पट्टी बरोबर बसली. एकाच बाजूला पाणी दिसत असेल तर मडगार्ड तिरका आहे, काड्या सारख्या करा.

मागच्या मडगार्डलाही अशी पट्टी लावा. तिचा फायदा तुम्हाला नाही, तुमच्या मागून येणाऱ्याला होतो.

घोटा

इथे एकच नियम आहे: वरच्या थराचं टोक नेहमी खालच्या थराच्या बाहेर. रेनसूटची पँट बुटाच्या आत खोचली की नडगीवरून येणारं सगळं पाणी बुटात उतरतं, पन्हळीतून पाण्याच्या टाकीत यावं तसं. गमबूट घालणारे ही चूक सर्रास करतात, कारण पँट गमबुटात खोचलेली नीटनेटकी दिसते.

पँट बाहेर काढली तरी काम संपत नाही. पायडल वर येतं तेव्हा गुडघा वाकतो आणि पँटचा काठ चार-पाच बोटं वर सरकतो. उभं राहून घोट्यापर्यंत येणारी पँट सायकलवर बसल्यावर मोजा उघडा टाकते. म्हणून रेनसूट घेताना दुकानात पाय खुर्चीवर ठेवून, गुडघा चांगला वाकवून पाहा. तेव्हाही काठ बुटाच्या तोंडाच्या खाली राहिला पाहिजे. त्यासाठी एक माप मोठी पँट घ्यावी लागली तरी घ्या. उजव्या पायाला, चेनच्या बाजूला, वेल्क्रोची पट्टी बांधा, पण ती घोट्याच्या वर, आणि पट्टीखालचा काठ बुटावर मोकळा पडू द्या.

रेनसूटची पँट नको असेल, आणि उकाड्यात ती अनेकांना नकोच असते, तर पायाला फक्त गेटर घाला: नडगीच्या मध्यापासून बुटाच्या निम्म्यापर्यंत येणारी नळी. विकत मिळतात, पण जुन्या छत्रीच्या कापडाचे उत्तम होतात. छत्रीचं कापड हलकं, पाणी न धरणारं आणि लगेच वाळणारं असतं. काड्या मोडलेली एक मोठी छत्री दोन पायांना पुरते. कोपऱ्यावरचा शिंपी एका संध्याकाळी शिवून देतो. त्याला एवढंच सांगा: वर इलास्टिक, मागे उभी वेल्क्रो आणि बुटाच्या तळाखालून जाणारा एक पट्टा. पट्टा टाचेच्या पुढच्या खोलगट भागातून जाऊ द्या, नाहीतर तो पायडलवर घासून तुटतो.

पोंचोबद्दल, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल, बिनबाह्यांच्या रेनकोटाबद्दल, वेगळं सांगायला हवं. हँडलवरून पसरलेला पोंचो मांड्या आणि पाय छान झाकतो, आणि खाली मोकळा असल्याने घामही येत नाही. शहरातल्या सपाट रस्त्यावर, सावकाश जाणाऱ्याला तो चांगला. पण घाटात किंवा पुलावर वारा आत शिरला की तो सायकल बाजूला ढकलतो. तिथे तो गुंडाळून ठेवा.

आता बूट

छोट्या अंतरासाठी मला सर्वांत पटलेला उपाय साधा आहे: सायकलवर पावसाळी प्लास्टिकची सँडल आणि ऑफिसचे बूट-मोजे पिशवीत. पाय भिजला तरी दोन मिनिटांत पुसून कोरडा होतो. सँडलला मागे टाचेचा पट्टा हवाच. नुसती चप्पल पायडलवरून सटकते. बूट पिशवीत ठेवताना आधी कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत गुंडाळा. कॅनव्हासची सॅक वरून कितीही चांगली वाटली तरी तासाभराच्या पावसात शिवणीतून पाझरते.

कामावर बूट ठेवायची सोय असेल तर त्याहून उत्तम. एक जोड टेबलाखाली, दोन जोड मोजे खणात आणि एक छोटा पंचा. मग पावसाला घाबरायचं कारणच उरत नाही.

बूट घालूनच जायचं असेल तर त्यावर चढवायचे कव्हर मिळतात. सिलिकॉनचे ताणून चढवायचे कव्हर स्वस्त असतात आणि तळ बंद असल्याने डबक्यातही चालतात, पण खडबडीत पायडलवर लवकर फाटतात. कापडी, झिपवाले कव्हर जास्त टिकतात, मात्र त्यांचा तळ बहुधा अर्धा उघडा असतो. कव्हर कुठलंही असो, ते आधी आणि पँट नंतर, म्हणजे पँटचा काठ कव्हरच्या बाहेर येतो. कव्हर घालून रस्त्यावर फार चालू नका, ते चालण्यासाठी बनवलेले नसतात.

काहीच हाताशी नसेल आणि अचानक ढग फुटले तर मोज्यावर एक साधी प्लास्टिकची पिशवी आणि त्यावर बूट. वीस-पंचवीस मिनिटं पाय कोरडा राहतो. त्यानंतर घामाने आत ओल धरते, म्हणून पोहोचताच पिशवी काढा.

क्लिटवाले बूट असतील तर आतला सोल उचलून क्लिटच्या भोकांवर जाड चिकटपट्टी लावा. तळातून येणारं पाणी बरंच थांबतं.

गमबूट घेणार असाल तर घोट्याच्या जरा वर येणारे आखूड घ्या. गुडघ्यापर्यंतचे गमबूट पायडल मारताना पोटरीला घासतात, आणि त्यात पाणी शिरलं तर सिग्नलला उतरून ओतावं लागतं. गमबुटाचा झिजलेला तळ ओल्या रबरी पायडलवर घसरतो, तेव्हा दातेरी कडांचे किंवा बारीक खिळ्यांचे पायडल बसवून घ्या. सँडल वापरणाऱ्यांनाही त्याचा फायदा आहे.

रस्त्यावर

पायडल सर्वांत खाली असताना ते जमिनीपासून साधारण १० ते १२ सेंटिमीटरवर असतं. म्हणजे रस्त्यावर चार-पाच बोटं पाणी असेल तर प्रत्येक फेरीला पाय त्यात बुडतो. अशी जागा छोटी असेल तर आधीच थोडा वेग घ्या, दोन्ही पायडल आडवी समपातळीत धरा आणि पाय न फिरवता पार व्हा. तळ दिसत असेल तरच हे करा. गढूळ पाण्याखाली खड्डा आहे की उघडं मॅनहोल, हे वरून कळत नाही. पाणी वाहत असेल तर परत फिरा. पाय कोरडा ठेवण्यापेक्षा पाय शाबूत ठेवणं महत्त्वाचं आहे.

सिग्नलला थांबताना पाय फूटपाथच्या किंवा दुभाजकाच्या कडेवर टेकवा. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि शेवाळलेले पेव्हर ब्लॉक यांवर टेकलेला पाय घसरतो. उजवीकडून बस येत असेल तर डबक्याच्या आधी थांबा आणि तिला पुढे जाऊ द्या. तिने उडवलेल्या पाण्यापुढे कोणताही गेटर टिकत नाही.

तुंबलेल्या पाण्यातून जावंच लागलं आणि पायाला जखम, ओरखडा किंवा भेगा असतील तर ती बाब हलकी घेऊ नका. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या पुरानंतर तिथे या आजाराची साथ आली होती. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि जखम असेल तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक औषध घ्यायचं की नाही ते ठरवतील. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका.

लांबची राईड

पावसाळ्यातही २०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, होतात, आणि त्यांची वेळमर्यादा साडेतेरा तास असते. एवढा वेळ ओल्या पायांनी काढायचा तर बूट जाळीचा हवा, म्हणजे आत आलेलं पाणी लगेच बाहेर जातं. टाचेचा पट्टा असलेली सँडलही चालते. सुती मोजे नकोत, ते पाणी धरून ठेवतात आणि कातडी सोलतात. पातळ लोकरीचे मोजे ओले असतानाही ऊब देतात. सिंहगड किंवा ताम्हिणी उतरताना गार वारा लागतो तेव्हा ती ऊब कळते.

निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलिनचा पातळ थर लावा. कातडी पाण्याने पांढरी पडून फुगते, ती त्यामुळे उशिरा फुगते. खोबरेल तेलही चालतं, फक्त ते लवकर उतरतं. कोरडे मोजे हवाबंद पिशवीत बरोबर ठेवा आणि चहाच्या मोठ्या थांब्यावर बदला. बदलण्याआधी दहा मिनिटं पाय उघडे ठेवा. ओल्या पायावर कोरडा मोजा चढवला तर पाच मिनिटांत तोही ओला होतो.

पोहोचल्यावर

भातलावणी करणाऱ्यांना चिखल्या माहीत असतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, ओलसर होऊन फाटते, खाज सुटते आणि आग होते. कोकणात त्यावर मेंदी लावतात. सायकलवाल्यालाही चिखल्या होतात, आणि त्या रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा पोहोचल्यानंतरच्या आळसामुळे जास्त होतात. पाय वरवर पुसून लगेच मोजे घातले की ओल बेचक्यांत अडकते. प्रत्येक बोट वेगळं करून पुसा. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा सर्वांत अरुंद असते, चिखल्या बहुधा तिथूनच सुरू होतात. मग पाच मिनिटं पाय पंख्याखाली ठेवा. वारंवार होत असतील तर औषधाच्या दुकानात बुरशीविरोधी पावडर मिळते, ती बेचक्यांत थोडीच टाका. जास्त टाकली तर तिचाच लगदा होतो. मधुमेह असणाऱ्यांनी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत, कातडी फाटलेली दिसताच डॉक्टरांकडे जावं.

बूट भिजले असतील तर आतला सोल आणि नाड्या काढा, आत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे ठासून भरा. तासाभराने बोळे बदला, पहिल्या तासातच कागद सर्वांत जास्त पाणी ओढतो. झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा बदला आणि बूट पंख्याच्या झोतात आडवे ठेवा, तोंड पंख्याकडे. गॅसजवळ किंवा हीटरपुढे ठेवू नका. चिकटवलेला तळ सुटतो आणि चामडं कडक होतं. एवढं करूनही जुलै-ऑगस्टच्या हवेत बूट सकाळपर्यंत पुरते वाळतीलच असं नाही, म्हणून पावसाळ्यासाठी दोन जोड आलटून पालटून वापरा.